पेटीतली हिरवी वायर

होसूर,
रविवार, २३ मार्च २०२५

आदरणीय बन्सीमामा,

सप्रेम जयभीम. मामीला आणि मेघालापण सांगा.

मी बराय. इथं भात लई, भाकर नाय, एवढीच तक्रार. खोलीत आम्ही चौघं, त्यातला एक कडुबा, आपल्या फर्दापूरकडचा. तो सोडला तर मराठी बोलायला कुणी नाय.

फोन असताना पत्र कशाला, असं मामी म्हणल. फोनवर तुम्ही मला स्पीकरवर टाकता. मामी विचारती जेवला का, मेघा मधीच हसती, अन् सांगायचं ते राहून जातं. म्हणून पार्सलमधी ही चिठ्ठी टाकतोय. अक्षर समजून घ्या. नववीत शाळा सोडली ती सोडलीच.

आधी कामाचं. गुरुवारी मेघाचा फोन आला. म्हणली, "काय इंजिनियर, तुझी पेटी अजून गपगार हाय बरं का, जरा घूं करत नाय. फक्त माइक धरला की बोटाला झिणझिण्या येतात." मी तिला तिथल्या तिथं प्लग काढायला लावला. ती म्हणली, "एवढं काय घाबरतो?" मी फोन ठेवला.

मामा, खाली लिहिलेलं काम झाल्याबिगर माइक जोडायच्या त्या मिक्सरच्या पेटीला कुणी हात लावायचा नाय. चौदा एप्रिलला मेघा गायन पार्टीत पहिल्यांदा पुढं उभी राहणार, ते मला माहीत आहे. तोवर काम झालं नाय तर भाड्यानं मिक्सर आणा, नायतर माइकबिगर गाऊ द्या. पण या पेटीवर तिला उभी करू नका.

पार्सलमधी तीन वस्तू आहेत. एक तीन तारांची नवी वायर. एक रबराची रिंग, वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथं बसवायची, म्हणजे पत्रा वायरीला कापत नाय. अन् काडेपेटीएवढा एक छोटा ट्रान्सफॉर्मर. तो मिक्सर आणि अँप्लिफायरच्या मधी, आवाजाच्या वायरीत लावायचा. कसंय, दोन्ही मशिनींना अर्थिंग, म्हणजे करंट जमिनीत नेणारी हिरवी तार, असली की त्यांच्यात एक गोल वाट तयार होते, तिच्यातून लाइटीची घूं स्पीकरमधी शिरते. ती वाट आवाजाच्या वायरीत तोडायची. लाइटीच्या वायरीत कधीच नाय. या ट्रान्सफॉर्मरमधून गाणं पलीकडं जातं, घूं अलीकडं राहते. दोन्हीकडच्या वायरींवरच्या तारेच्या जाळ्या मात्र एकमेकीला लागू द्यायच्या नाहीत.

नव्या वायरीतली हिरवी तार पेटीच्या पत्र्याला स्क्रूनं घट्ट जोडायची.

हे काम लाइटवाल्या राजकुमारभाऊकडून करून घ्या. तुम्ही म्हणाल त्याच्याकडं? व्हय, त्याच्याकडंच. दुसऱ्या कुणाकडं नको.

बाकी सगळं ठीक.

बुधवार, २६ मार्च

पार्सल अजून माझ्या उशाजवळच आहे. कडुबा रोज विचारतो, "तुझ्या मामाला काय कुरिअरनं रेडा पाठवतो का, एवढा इचार करायलास?"

रविवारी लिहिलेलं पुन्हा वाचलं. त्यात खोटं काही नाय. पण हिरवी तार जोडायची लिहिलं, ती सुटली कशी ते लिहिलं नाय.

इथं आम्ही कारखान्यांना लागणाऱ्या लाइटीच्या पेट्या जोडतो. पहिल्याच दिवशी सुपरवायझरबाईनं हिरवी तार हातात दिली आणि मोडक्या हिंदीत म्हणली, "हरा पहले, हरा लास्ट." म्हणजे जोडताना हिरवी आधी जोडायची, सोडताना हिरवी सगळ्यात शेवटी. अन् ती बाकीच्या तारांपेक्षा थोडी लांब ठेवायची, ओढ बसली तर बाकीच्या तुटाव्यात, ती नाय. चार महिने झाले, रोज शंभरेक हिरव्या तारा जोडतो. प्रत्येक वेळी आपली पेटी दिसते.

ती पेटी आपण कशी केली आठवतं ना? क्रांती चौकाच्या मागं भंगारात जुना सीडी प्लेयर घेतला, त्याच्या पत्र्याच्या डब्यात सहा माइकांचा मिक्सर बसवला. कथलाचा डाग मारून तारा जोडायला राजकुमारभाऊनं शिकवलं, त्याच्या बजाजनगरच्या दुकानात. आधी नुसती खरखर होती. माइकच्या आतल्या वायरी जाळीच्या टाकल्या, खरखर गेली. ट्रान्सफॉर्मर उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला, घूं निम्मी झाली. पण अँप्लिफायरला जोडलं की उरलेली घूं यायचीच. तुम्ही म्हणायचे, "लेका, मी गातोय का भुंगा?" सगळी पार्टी हसायची.

मला ते हसणं लागलं. दोन हजार तेवीसच्या जयंतीच्या आदल्या दिवशी मी पेटी उघडली अन् आतल्या बाजूनं हिरवी तार कापली. घूं बंद. एकदम बंद. बाहेर प्लगला तीन पिना तशाच, म्हणून कुणाला कळायचं कारण नव्हतं. तुम्ही गाऊन बघितलं आणि म्हणले, "आरं, काचेवानी आवाज झाला की." मी म्हणलं, "सेटिंग केली, मामा."

वायर पेटीत शिरते त्या भोकात रबराची रिंग नव्हती. जयंतीला तुम्ही स्टेजवर गात असताना पत्र्यानं आत येणारी लाइटीची वायर कापली, सगळ्या पेटीत करंट उतरला. हिरवी तार असती तर तो जमिनीत गेला असता अन् फ्यूज उडाला असता. ती नव्हती, म्हणून तो तुमच्या माइकमधी आला. तुमचा डावा हात मंडपाच्या लोखंडी पाइपावर होता.

तुम्ही स्टेजवरून खाली पडले तेव्हा सगळे तुमच्याकडं पळाले. मी पेटीकडं पळालो. प्लग काढला, हे खरं. पण नंतर ती उचलून घरी नेली, कापलेल्या वायरीवर टेप गुंडाळली, हेपण खरं. हिरवी तार मात्र जोडली नाय. जोडली असती तर घूं परत आली असती, अन् कुणीतरी विचारलं असतं, आत्ताच कशी आली? आता ती टेप उन्हानं सुटत असल. मेघाच्या झिणझिण्या त्याच आहेत.

राजकुमारभाऊला मंडपात त्याच्याच बोर्डाचा एक जॉइंट ढिला सापडला. त्यानं तोच आपला गुन्हा धरला. दवाखान्यात तो तुमच्या पायाशी उभा होता. "बन्सीदा, माझ्या जॉइंटनं तुम्हाला पाडलं." तुम्ही भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणले, "भंगारातून पेटी करणाऱ्या पोराला जमतं, अन् तू वीस वर्षांपासूनचा धंदेवाला." मी तिथंच होतो, तुमच्या हाताचा एक्सरे धरून. एक शब्द बोललो नाय.

तेव्हापासून त्यानं मंडपाची कामं सोडली. दरसाल जयंतीची लाइट तो फुकट करायचा, आपण ती दुसऱ्याला दिली. तुमचा हात खांद्याच्या वर जात नाय, तुम्ही माइक धरत नाय. अन् तुम्ही म्हणता, संघपालचं बूड एका जागी टिकत नाय. वाळूज सोडलं, चाकण सोडलं, इथं आलो. मामा, मला कामाचा कंटाळा कधीच नव्हता. घरी आलो की तुमचा हात दिसायचा, अन् त्याच्या दुकानावरून जावं लागायचं.

पार्सल आज टाकतो. वाचून झालं की पेटी घेऊन राजकुमारभाऊच्या दुकानात जा आणि हे पत्र त्याच्यासमोर मोठ्यानं वाचा. मेघाला वाचायला लावू नका, तुम्ही वाचा. मग पेटी त्यालाच उघडू द्या. तारेचं टोक कात्रीनं सरळ कापलेलं दिसल. झिजून तुटली असल, पोराची चूक नसल, असं मामी म्हणल. तिचं ऐकू नका. अन् मला फोन करून "जाऊ दे" म्हणू नका. यंदाच्या मंडपाची लाइट त्याला द्या, अन् द्यायला तुम्ही स्वतः जा.

मी बारा तारखेला येतोय. तिकीट काढलंय. आधी दुकानात जाईन, मग घरी. त्यानं हाकललं तरी घरी येऊन तसं सांगीन. दारात उभं करायचं का आत घ्यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा, मी दोन्हीला तयार आहे.

तुमचा हात ज्याच्यामुळं गेला तो, तुमचा भाचा,
संघपाल