तेलाचे डाग

मंगळवार, संध्याकाळ. कुरुळी.

डोकं चालत नाहीये. ऋतुजाने ऑनलाइन मागवलेला शर्ट काल आला. राखाडी रंगाचा, खिशाखाली काळे तेलाचे डाग. मला वाटलं, पोरीला कुणीतरी वापरलेला माल खपवला. आज फर्स्ट शिफ्ट करून आलो आणि कंपनीतली हात धुवायची पेस्ट लावून ते डाग घासत बसलो. वीस वर्षं प्रेस मशीनवर काढली, मला डाग काढायला कोण शिकवणार? पण डाग हलेनात, आजूबाजूचा रंगच उडाला.

ऋतुजा कॉलेजातून आली आणि किंचाळली, "पप्पा! अहो, डाग नाही तो, डिझाइन आहे!"

छापलेले डाग. सध्या रीलवर सगळे असंच घालतात म्हणे. डाग विकत घ्यायचे? का पण?

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "जाऊ द्या. तुमचा जुना कंपनीचा शर्ट द्या ना. तो तर ओरिजिनल आहे."

हीच पोर आठवीत असताना म्हणाली होती, शाळेत तो शर्ट घालून येऊ नका. तेव्हापासून मी कंपनीतच कपडे बदलून निघतो. आठवत नसेल का तिला? कपाटातून शर्ट काढून दिला.

आत्ता तो घालून आरशासमोर फिरून फिरून त्यावरचे डाग बघतेय. मघाशी म्हणाली, "इतका भारी शर्ट! पप्पा, तुम्ही हा घालून कधी घरी का नाही आलात?"

मी म्हटलं, कंपनीचा नियम आहे.