म्हातारीची बट

तीर्थरूप मामांस भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार (आठांपैकी निम्मी अंगं प्रयोगशाळेच्या खुर्चीवर आखडली आहेत, तेव्हा जमेल तेवढा गोड मानून घ्यावा).

इकडे सगळं क्षेम आहे, फक्त एका प्लेटमधल्या पेशी तेवढ्या गेल्या. तिकडे तुमचा खोकला कसा आहे? मामी फोनवर म्हणाली, हल्ली तो तुमच्याआधी उठतो. तुम्ही म्हणे 'हवा बदलली' म्हणता. मामा, ही हवा वर्षभर बदलतेच आहे.

पत्रास कारण तुमची म्हातारी. म्हणजे मामी नव्हे. काचेच्या कपाटातला, पांढऱ्या रेशमी केसांचा तो दगड, जो खाणीवर मुकादम असताना तुम्ही घरी आणलात आणि तेव्हापासून रोज सकाळी फुंकर मारून दाढीच्या जुन्या ब्रशाने विंचरता. (आपले केस कुणी असे विंचरले नाहीत, असं मामीचं म्हणणं आहे. मी फक्त निरोप पोचवते.) गेल्या खेपेला मी तुम्हाला माझं काम सांगत होते, की आम्ही प्लेटमध्ये माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी वाढवतो, त्यांच्यावर जुन्या सिमेंटच्या पत्र्यातल्या ॲस्बेस्टॉसचे तंतू टाकतो आणि काय होतं ते बघतो, तुलनेला एखादी निरुपद्रवी धूळही लागते. झालं! "मग आमची म्हातारी ने की, गाईसारखी गरीब आहे," म्हणत तुम्ही तिची एक बट कापून औषधाच्या डबीत घालून दिलीत. मोठ्यांचा शब्द मोडायचा कसा? मी डबीवर 'निरुपद्रवी' असं लिहिलं आणि तिला कामाला लावलं.

आमच्या पेशी म्हणजे लाडावलेली मंडळी. ऊबपेटीत राहायचं, गुलाबी पाणी प्यायचं आणि समोर येईल ते गिळायचं. साधा धुळीचा कण आला की गिळला, विषय संपला. पण म्हातारीचा केस पेशीहूनही लांब. एक टोक आत, दुसरं बाहेर. गिळवेना आणि टाकवेना. मग पेशी चिडते, पोटातलं जहाल द्रव्य शेजारणींच्या अंगावर ओतते आणि मरते. केसाला काहीच होत नाही, तो पुढच्या घरी जेवायला मोकळा. सकाळी पाहिलं तर ॲस्बेस्टॉसच्या प्लेटमध्ये निदान काही जणी तग धरून होत्या. 'निरुपद्रवी' प्लेटमध्ये रडायलाही कुणी उरलं नव्हतं.

आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं, हे निरुपद्रवी म्हणून ठरवलं कुणी? मी म्हटलं, आमच्या मामांनी. ते डॉक्टर आहेत का? नाही, पण फार ठामपणे बोलतात. बाईंनी पेन घेऊन डबीवरचा 'निरुपद्रवी' हा शब्द खोडला. (करायला गेले एक आणि झालं भलतंच. प्रयोग पहिल्यापासून करायचाय.) प्लेटमधलं सगळंच माणसात तसंच होतं असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण पेशींना ती फुंकर एकदाच लागली. तुम्हाला रोज लागते.

बाकी सविस्तर भेटीत. मामीला नमस्कार आणि तुमच्या खोकल्याला निरोप.

तुमची भाची

ता. क. म्हातारीला शोधू नका. मामीने तिला ओल्या फडक्यात गुंडाळून, दोन पिशव्यांत बांधून हलवलं आहे. गेला आठवडाभर तुम्ही ज्याला विंचरताय तो मामीने कापूस चिकटवलेला अंगणातला धोंडा आहे. काल पाहुण्यांना तुम्ही त्याची चमक दाखवलीत, असं कळलं.

ता. क. २. गुरुवारी सकाळी छातीचा फोटो काढायला यायचं आहे. वेळ घेऊन ठेवली आहे. 'मला काय धाड भरलीय' हे वाक्य मामीने आधीच ऐकून ठेवलं आहे.

ता. क. ३. इथवरचं पत्र मामीने सांगितलं तसं लिहिलं. हे तिला माहीत नाही. लहानपणी तुमच्या मांडीवर बसून मीही फुंकर मारायची, म्हणून परवा माझा फोटो काढून आले. उजवीकडे काहीतरी अंधूक दिसतंय, मोठ्या मशीनवर पुन्हा बघायचंय म्हणाले. काही नसेलही. गुरुवारची वेळ माझीच आहे, तुमचं नाव मागाहून घातलं. मामा, मला एकटीला आत जायची भीती वाटते. याल ना?