फायनलचे बूट

मास्तर,

काल भिलाईत सेक्टर दहाच्या बाजारात, चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर पुन्हा तुमच्यावरून भांडण झालं. भांडणारे आता तिघंच उरलोत. एक आपला गोलकीपर, त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. दुसरा आपल्या खात्याच्या ऑफिसातला तेव्हाचा क्लार्क, जो एकही मॅच चुकवत नसे आणि एकदाही मैदानात उतरला नाही. आणि तिसरा मी. विषय तोच, फायनल का हरलो आणि तुम्हाला टीमवरून काढलं त्यात चूक कोणाची. क्लार्क म्हणाला, "साहेबानं बूट देल्ले, जहर तं नाही देल्लं ना! मास्तरले नवं काही नकोच होतं." गोलकीपर खवळला. "जिंकून राहिलेल्या टीमचे पाय कोणी बदलवते काय बे? चालत्या गाडीले खीळ घातली त्यानं!" मी नेहमीप्रमाणे गोलकीपरच्या बाजूनं ओरडलो. क्लार्कला क्वार्टर आमच्या आधी मिळालं होतं, हे मी अजून विसरलेलो नाही. माझी बायको म्हणायची, तुम्ही देवाचा प्रसादसुद्धा हुंगून खाता. खरंच होतं तिचं. पण काल घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की ज्या माणसावर माझा सगळ्यात जुना संशय आहे, त्याच्यासाठीच मी बाकावर घसा कोरडा करतो. तो माणूस तुम्ही.

मी भंडाऱ्याकडचा, धानाच्या बांधावरून थेट इथल्या पोलाद कारखान्याच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या खात्यात आलेला. कारखाना अजून उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे खड्डे, लोखंडी सांगाडे आणि लाल धूळ. तुम्ही आमचे फोरमन, आणि फर्स्ट शिफ्ट सुटली की आमचे कोच. शिफ्टभर पायात कारखान्याचे जड जोडे असायचे. ते काढून मुरमाच्या मैदानावर पाय टेकला की गावी आल्यासारखं वाटे. सगळेच अनवाणी खेळायचो. तुम्ही मला राइट आउटला घातलंत. पहिल्याच महिन्यात मी बॉल घेऊन पळताना कडेला उभ्या लोकांकडे पाहत होतो, तर तुम्ही शिट्टी फुंकून सगळ्यांसमोर म्हणालात, "कावून रे, लोकायकडे काय पाहून राहिला? लोकं टाळी देतीन, बॉल नाही देणार." मला इतका राग आला की मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या घोट्याला बांधायच्या पट्ट्या मला दिल्यात, नागपुरात रेल्वेच्या टीमकडून खेळायचात तेव्हाच्या. धुऊन, घडी घालून आणल्या होत्या. मी त्या उलटसुलट करून पाहिल्या. फुकट कोणी काही देत नाही, अशी माझी खात्री होती.

त्या वर्षी आपली टीम शॉपांच्या, म्हणजे कारखान्यातल्या खात्यांच्या, स्पर्धेत फायनलला गेली आणि खात्याच्या मोठ्या साहेबांना फुटबॉलचा पुळका आला. कारखाना सरकारचा होता, पण टीमचे मालक आपणच असं साहेबांना वाटायला लागलं. आधी जर्सीचा रंग बदलला. मग कोण सेंटरला खेळणार हे ते सांगू लागले. तुम्ही हो म्हणायचात आणि मैदानात आपलंच करायचात, म्हणून आम्हाला तुमचा अभिमान वाटायचा. मग एक दिवस जीप आली आणि तिच्यातून बुटांची खोकी उतरली. कारखाना उभारायला आलेली रशियन तज्ज्ञ मंडळी फायनलला शामियान्यात बसणार होती. साहेब म्हणाले, "इनके सामने हमारे लड़के नंगे पाँव दौड़ेंगे? नहीं चलेगा." तुम्ही हात जोडलेत. "साहेब, फायनल होऊन जाऊ द्या. मग वर्षभर याईले बुटात शिकवतो. आता नका करू." साहेब हसले आणि म्हणाले, फायनल में ही पहनेंगे. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नाही, एवढं आम्हालाही कळत होतं. सगळ्यांनी एकेक जोडी घेतली. तुम्ही मात्र बाजूला उभे राहून मुरूम पायानं उकरत होतात.

आता जे सांगतो ते मी बाकावर कधीच सांगितलेलं नाही. फायनलच्या आदल्या दिवसाची गोष्ट. बूट लाकडासारखे कडक, घातले की बोटं सोलून निघतात. आम्ही सगळे शेतकऱ्यांची पोरं. चामडं म्हटलं की आम्हाला विहिरीवरची मोट ठाऊक, आणि मोट कडक झाली की पाण्यात टाकायची, हे लहान पोरालाही माहीत. आम्ही फाउंड्रीतल्या पाण्याच्या टाकीत सगळे बूट बुडवले आहेत. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही येता. "हे काय करून राहिले बे?" मीच सांगतो, "नरम करून राहिलो मास्तर, मोट भिजवतो तशी." तुम्ही एक बूट उचलता. त्यातून पाणी गळतं. तुम्ही तो बराच वेळ हातात धरता, पुन्हा पाण्यात सोडता आणि म्हणता, "बरं." बस, एवढंच, आणि निघून जाता. शिफ्ट सुटायच्या आत वाळायला हवेत म्हणून मग आम्ही ते बूट वाळूच्या साच्यातून नुकत्याच काढलेल्या, अजून गरम असलेल्या ओतीव लोखंडावर मांडतो. मोट कधी वाळूच देत नाहीत, हे आमच्यापैकी एकालाही आठवत नाही. संध्याकाळी बूट आखडलेले, तळवे वाकलेले, आणि आधी होते त्याच्या दुप्पट कडक.

आम्हाला माहीत नव्हतं, मास्तर. पण तुम्हाला होतं. बुटाला तेल लावायचं, तो सावलीत ठेवायचा, उन्हात आणि आगीजवळ कधी न्यायचा नाही, हे तुम्हीच एकदा रेल्वेच्या टीमच्या गप्पा सांगताना सांगितलं होतंत. मग त्या दिवशी नुसतं "बरं" कसं म्हणालात? मी याचा इतक्या बाजूंनी विचार केला आहे. कधी वाटतं, तुम्ही फक्त भिजवलेले पाहिलेत, वाळत घातलेले नाही. पण फाउंड्रीत गार जागा कुठली आणि घाईतली पोरं कुठं वाळवणार, हे फोरमनला सांगावं लागतं का? कधी वाटतं, तुम्ही थकला होतात. आणि बहुतेक वेळा वाटतं ते हे, की तुम्ही मनाशी म्हणालात, होऊ दे बुटांची माती, म्हणजे साहेबाला पोरांना अनवाणी उतरवावंच लागेल. हिशेब चांगला होता. फक्त साहेबही माझ्याच जातकुळीचे निघाले, संशयी. फायनलच्या दिवशी तुम्ही ते आखडलेले बूट शामियान्यामागे नेऊन दाखवलेत तेव्हा ते म्हणाले, "जानबूझकर खराब किए हैं. अब यही पहनकर खेलेंगे." तुमच्या तोंडावरचा रंग उडालेला मी पाहिला. त्यांनी खोटा आरोप केला म्हणून उडाला की खरा केला म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मॅचचं काय सांगायचं. शेवाळावर सोडलेल्या वासरांसारखे आम्ही घसरत होतो. रशियन लोक आधी हसले, मग घड्याळं पाहू लागले. दुसऱ्या हाफमध्ये मी बॉल घेऊन वळलो. शरीर वळलं, बूट मुरमात रुतून राहिला, आणि घोट्यातून असा आवाज आला की गोलकीपरला तो पलीकडच्या टोकाला ऐकू आला, असं तो सांगतो. तेव्हा त्याचे कान चांगले होते. मी पुन्हा कधी खेळलो नाही. भट्टीजवळ उभं राहायचं कामही गेलं, मला स्टोअरमध्ये खुर्ची दिली, आणि सगळी नोकरी मी त्या खुर्चीत काढली. थंडीत हा पाय अजून बोलतो. तो दुखला की मला साहेब आठवत नाहीत. टाकीपाशी उभे असलेले तुम्ही आठवता.

तुम्हाला टीमवरून काढल्याची बातमी मला हॉस्पिटलात कळली, आणि त्याच दिवशी दुपारी तुम्ही आलात. स्टुलावर बसलात. माझ्या तोंडाकडे न पाहता प्लास्टर केलेल्या पायाकडेच पाहत राहिलात. चोराच्या मनात चांदणं, असं मी तेव्हाच मनात म्हटलं. "डॉक्टर काय म्हणून राहिले?" तुम्ही विचारलंत. मी सांगितलं, चालता येईल. तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "हे पाह्य, त्या दिवशी टाकीपाशी मले..." आणि थांबलात. शब्द जुळवत होतात. मी घाईघाईनं म्हणालो, "मास्तर, हे साहेबानंच केलं. दुसऱ्या कोणाची चूक नाही." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पहिल्यांदाच. मग माझ्या अंगावरची चादर सारखी केलीत आणि उठलात. शेजारच्या खाटेजवळ आपला गोलकीपर उभा होता. त्यानं माझं वाक्य ऐकलं, बाहेर नेलं, आणि भिलाईत आजवर तेच चाललं आहे. काल बाकावर तो माझंच वाक्य मला मोठ्यानं ऐकवत होता.

नंतर तुम्ही नोकरी सोडून जवळच कुम्हारी गावात छोटं वर्कशॉप टाकलंत. मी बसनं कितीदा तिथून गेलो असेन, उतरलो नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा खांदा द्यायला आलो, लंगडत. तुमचा मुलगा कुरुदला राहतो, मला काका म्हणतो, दिवाळीला घरी येतो. हे पत्र त्याला देता येईल. देणार नाही. बाकावरही वाचणार नाही, कारण वाचलं तर क्लार्क जिंकेल आणि साहेब सुटतील, आणि साहेबांना सोडायची माझी इच्छा नाही. बूट त्यांनीच आणले होते.

तुम्ही समोर असतात तरी मी विचारलं नसतं. तुम्ही "हो" म्हणाला असतात, अशी मला भीती वाटते. इतकी वर्षं तुमच्यासाठी भांडलो, ते तुमच्यावर विश्वास होता म्हणून नाही, मास्तर. मला आयुष्यात दुसरं कोणी काही शिकवलंच नव्हतं.