एक जूनचे दोघं

४ ऑक्टो. ९९
आक्का, डोळ्याची पट्टी निघाली का गं? थेंब टाकतेस ना वेळच्या वेळी? दाजींचा दमा कसा आहे? सूनबाई बाळाला घेऊन माहेराहून आली का? आणि म्हातारी गाय, उठून उभी राहते का आता?
(पत्र म्हणून सुरू केलं. तेवढ्यात ऑफिसातून हाक आली. वहीतच राहिलं.)
हाक हितेशभाईंची. मिलच्या शेठचे पुतणे. "काका, सगळ्या कामगारांची यादी कॉम्प्युटरवर करा, ते जावा शिकलात ना, त्यात. वयानं मोठा तो वर." वरचे बारा दिवाळीनंतर घरी बसणार. म्हटलं, भाई, हे माणसांनी बसून ठरवायचं. तर म्हणे, "कॉम्प्युटरे कह्युं एटले कोई नहीं बोले." मशीननं सांगितलं की कुणी तोंड उघडत नाही म्हणे.

६ ऑक्टो.
जावाचं पुस्तक उघडं ठेवून प्रोग्रॅम लिहीत गेलो. काम कसलं आहे ते विसरलो मधेच, इतकी गोडी लागली. आता लाज वाटते. एकेक माणूस म्हणजे कप्प्यांचा डबा. एका कप्प्यात नाव, एकात खातं, एकात जन्मतारीख, एकात कामावर लागल्याची. मशीन दोन डबे उचलतं आणि माझ्या नियमाला विचारतं, यातला आधी कोण? उत्तर उणे आलं तर पहिला, अधिक आलं तर दुसरा. नियम मी जन्मतारखेवर लावला.

७ ऑक्टो.
यादी छापली. अकरा नावं सरळ. बारावा भिका, बॉयलरवरचा. तेरावा मी.
दोघांचीही १ जून ४१. आमच्याकडं अर्ध्या खानदेशाचा जन्म एक जूनचाच. शाळेत घालताना गुरुजी लिहून टाकायचे. आम्ही दोघं एकाच सकाळी, एकाच ओट्यावरून शाळेत...
नियमाचं उत्तर शून्य. शून्य आलं की जावा हात लावत नाही, आधी होते तसेच ठेवते. आणि आधी कसे होते? मीच टाइप केलेलं. बॉयलर खातं पहिलं, ऑफिस शेवटी.

८ ऑक्टो.
शून्य आलं तर दुसरा कप्पा बघ, असं लिहिलं. कामावर लागल्याची तारीख. गाडीतून उतरून दोघं एकदमच फाटकात शिरलेलो. पुन्हा शून्य. मग नाव. इंग्रजीत भिकाचा बी, यशवंताचा वाय. भिकाच वर. उलटं लावलं, तर मी वर. म्हणजे हा नियम नव्हे, माझाच हात. खोडलं.
पोराचे, वसंताचे, लूम बंद. तो, सून, पोरं, सगळं गोडादऱ्याचं घर माझ्या पगारावर. भिकाची तर खोलीच मिलची. काम गेलं की डोक्यावरचं छप्परही. गावी त्याचं कुणी उरलं नाही.

१० ऑक्टो., रवि.
भि. चहाला आला. कुणकुण लागलेली. डब्यांचं सगळं त्याला सांगितलं.
"मशीन तं तुनंच शे ना रे भो. मना डबा जरा खाले सरकाव."
हसत होता. मी म्हटलं, तुझा खाली गेला तर वर कोणाचा येईल?
"कोना?"
मी बशीत चहा ओतत राहिलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं. बिडी काढली, पेटवली नाही, तशीच कानावर खोचली. "चाल, बॉयलर थंड पडी जाई," म्हणाला. आज सुट्टी होती.

११ ऑक्टो.
हि.भा. : काका, यादी? म्हटलं, एक तारीख गावाहून यायची आहे. "दिवाळी पहेलां, काका."
आता पत्र नीट कागदावर उतरवून पोस्टात टाकतो, ते हे :
आक्का, तू आम्हा दोघांना कडेवर वागवलंस. भिका आधीचा की मी? साल नको. कोण रांगत होता तेव्हा कोण पाळण्यात होता, एवढंच आठव. जो मोठा तो वर, तोच घरी जाईल. मनात येतं, तू भिका म्हणावंस. ते आलं की जेवण जात नाही. म्हणून सांगतो, भाऊ म्हणून माझी बाजू घेऊ नकोस. त्याचीही नको. सूनबाईकडून खरं तेवढं लिहून घे. तू लिहिशील ते मी नियमात घालीन.
घालीन ना?
उत्तर लवकर धाड, आक्का.