दोन्ही माल एकाच गाडीत

ताई,

तुला नमस्कार आणि भाच्याच्या गालाला हलकासा चिमटा. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. भाऊजींचा खोकला गेला, जेवणही चांगलं जातं. आईचे गुडघे आता कसे आहेत?

माझं कोठारातलं काम ठीक चाललंय. दारूचं कोठार सांभाळतो म्हटलं की लोक हसतात, पण ही सुरुंगाची दारू. ती एका खोलीत, तिला उडवणारे डिटोनेटर दुसऱ्या खोलीत. खाणीत नेतानाही दोन्ही वेगवेगळ्या गाड्यांतून न्यायचं, हा पहिला धडा. पण एक गाडी बंद पडलीय. साहेब म्हणाले, "दुरुस्त होईपर्यंत एकीतच भर." मी नाही म्हटलं. ते ओरडले नाहीत गं. कपाळ चोळत म्हणाले, "मलाही कळतं रे. पण काम थांबवलं तर वरचे मलाच काढून टाकतील."

मी दार अडवून उभा राहिलो. तेव्हा सुरुंग लावायला निघालेले भाऊजीच पुढे आले. "भर रे मेहुण्या, मी सावकाश नेतो. तू नाही भरलंस तर दुसरा कोणीतरी आदळआपट करत भरेल."

ते खरं होतं, म्हणून मी माझ्याच हाताने भरलं. मधे जुन्या गाद्या कोंबल्या. गाद्यांनी धोका टळत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

आता रोज तसंच चालतं. गाडी वळणाआड गेली तरी मी कान देऊन दारातच उभा राहतो.

भाऊजी माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. काहीतरी निमित्त काढून त्यांना बोलावून घे, खोटं असलं तरी चालेल. लवकर, ताई. उद्याही गाडी मलाच भरायची आहे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
तुझा धाकटा भाऊ