लेकीच्या हाती पाय

सोम., ३ जून
जबडा आजही धरलेला. घास चावेना. कारखान्यात एक लाइन बंद होणार. मॅनेजर म्हणाले, "तुमच्या शिफ्टमधली कोणती माणसं काढायची, ते तुम्हीच सांगा." तेव्हापासून मान लाकडासारखी. हिला काही बोललो नाही.

गुरु., ६ जून
ड्यूटीवर डावा हात बधिर. हिने ओढतच डॉक्टरकडे नेलं. ईसीजी ठीक, बी.पी. वर. गोळी सुरू. "मनावर कसलं ओझं आहे?" डॉक्टर. मी शर्टाची बटणं लावली.

रवि., ९ जून
चुलतभावाकडे सत्यनारायण. सगळ्यांसमोर म्हणतो, "तुझी लेक वीणा अजून लोकांचे पाय चेपते काय रे?"
म्हटलं, "रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात त्याला. बंगळूरला शिकून आली. अग्रहार भागात स्वतःची उपचाराची खोली आहे. तुला यायचं तर आधी फोन करून वेळ घ्यावी लागेल."
ताठ मानेने उठलो. ती दुखत होती, ते वेगळं.
घरी वीणा म्हणाली, "आप्पा, एवढं सांगता, तर एकदा या की." नाही म्हटलं. चुकून पाय लागला तरी लेकीला हात जोडतो आपण. तिच्या मांडीवर पाय कसे ठेवू?

बुध., १२ जून
झोपेत दात आवळून दाढेचा टवका उडाला. संध्याकाळी वीणाच्या खोलीवर गेलोच.
तिने पाय धरले. मी ओढून घेतले.
"अय्यो आप्पा, सुम्ने बसा. हे माझं काम आहे."
गप बसलो. पायाची बोटं आत वळून आखडलेली. मला पत्ताच नव्हता. अंगठ्याने तळवा हळूहळू दाबत गेली. आधी दुखलं, मग ऊब. खांदे कधी खाली आले कळलं नाही. श्वास पार पोटापर्यंत. डोळ्यांत पाणी. तिने पाहिलं. पायांवर टॉवेल पांघरला.
मग सगळं सांगून टाकलं, कामावरून काढायच्या माणसांचं.
म्हणाली, "यानं बरं वाटेल, पण गोळी सोडायची नाही हं. आणि मॅनेजरला काय सांगायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवायला पाहिजे."
केवढी झाली पोर! खोटा शब्द विकत नाही.

शुक्र., १४ जून
मॅनेजरच्या केबिनमध्ये उभ्या उभ्याच सांगितलं. "नावं मी देणार नाही. असलेलं काम सगळ्यांत वाटून बघा. नाहीच जमलं, तर पहिलं नाव माझं."
आवाज कापला नाही.
मॅनेजरांनी समोरची फाइल मिटली. मग, "नोडोणा, बघू या."
बाहेर आलो. ऊर भरून आला होता.
घरी हिला सगळं सांगितलं. "बरं केलंत," एवढंच म्हणाली आणि जेवताना दोनदा तूप वाढलं.

रवि., १६ जून
मॅनेजरकडून अजून काही नाही. उद्या पहिली शिफ्ट.
वीणा दमून आली. अंगठे सुजलेले. तिचा हात हातात घेतला, दाबू लागलो.
"आप्पा, चुकीचं दाबताय."
"मग शिकव."