चिकटपट्टी लावलेल्या कॅसेटी

रत्नागिरी,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
सलोनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. जयगडला येऊन समोर बसले तर इतकं ओरडून बोलावं लागेल की सगळी वाडी आपल्या खळ्यात जमेल. म्हणून हा कागद. महिपतकाकांच्या मासळीच्या टेम्पोतून पाठवतेय, तुमच्याच हातात द्या म्हणून बजावलंय.

आईच्या तेराव्याला तुम्ही कॅसेटींची पेटी माझ्यापुढे सारलीत. आता माझ्या काय कामाच्या, केतनला दे, म्हणालात. तुमच्या नातवाला केवढा आनंद! आजोबांनी बोटीवरून आणलेली विलायती गाणी, ती गिटारवाली कंट्री आणि ते आदळआपट करणारं रॉक. त्याने कुठून तरी जुना टेप पैदा केला आणि कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. काल मी बांगडे साफ करत होते. बाहेर कोणी एक गोरा गिटारीवर रडक्या आवाजात गात होता. मध्येच खट्ट झालं, त्याचं गाणं तुटलं आणि आई गायला लागली.

बाबा, माझ्या हातातला बांगडा हातातच राहिला. बाहेर आले तर केतन पांढराफटक पडलेला. तिला जाऊन चाळीस दिवस झाले आणि ती माझ्या घरात गौरीचं गाणं म्हणत होती, स्वच्छ, तरण्या गळ्याने. 

आतापर्यंत अकरा कॅसेटी ऐकल्या, नऊमध्ये ती आहे. केतन म्हणतो, आजी आधीच्या विलायती गाण्याचाच सूर धरून सुरुवात करते. एका रॉकवाल्याच्या ठेक्यावर तर तिने परात बडवत अख्खी हळद गायलीय. हसू की रडू कळेना.

मी सहा वर्षांची असल्यापासून आईला गाताना कधी ऐकलं नाही. खलाशी बाबल्याची कमळा काय गायची, हे लोकांकडून ऐकलं. तुम्ही तिचं गाणं बंद केलंत, हेही लोकांकडूनच. कॅसेटींवर कुणी काही भरू नये म्हणून तुम्ही त्यांच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून ठेवायचात ना? पुन्हा भरता यावं म्हणून त्या भोकांवर जवळजवळ सगळीकडे चिकटपट्टी आहे. एवढी चोरी तिला आपल्याच घरात करावी लागली. तुम्हाला हे ठाऊक होतं का?

शेवटी लोभ असावा असं लिहितात. आज हात वळत नाही. आधी उत्तर द्या.

सलोनी


जयगड,
१२ नोव्हेंबर

चि. सौ. सलोनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. महिपत समोर उभा राहून माझं तोंड बघत होता, त्याला आधी हाकलला आणि मग परत वाचलं.

ठाऊक होतं.

तू सहा वर्षांची होतीस त्या साली मी बोटीवरून उतरलो तो थेट वाडीतल्याच दादूच्या मुलीच्या हळदीला गेलो. तुझी आई मांडवात गात होती आणि वाडीतल्या झाडून सगळ्या बाया मागून म्हणत होत्या. कोणीतरी मस्करीत बोललं, घोव दर्यावर आणि बायको मांडवात. चार माणसं हसली. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांदेखत तिला हाताला धरून उठवली. बाबल्याची बायको आजपासून गाणार नाही, असं मोठ्या तोंडाने बोललो. तिने घरी येऊन हळदीचे हात धुतले आणि मला भात वाढला.

पुढच्या खेपेला आलो, तुकडे मोडायचे राहिलेली एक कॅसेट लावली, तर मध्येच ती. कॅसेट नासवली म्हणून तावातावाने उठलो होतो विचारायला. पण दारापर्यंत गेलो आणि गाणं संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला जाऊन हेडफोन आणला. तेव्हापासून वाडीला वाटायचं, बाबल्या पडवीत बसून साहेबाची गाणी ऐकतो. मी तिला ऐकायचो.

आणि चिकटपट्टी तिने नाही लावली पोरी, मी लावली. बोटीवर जाण्याआधी चार कॅसेटींना लावून पेटीत वर ठेवायचो. परत यायचो तेव्हा भरलेल्या असायच्या. नोकरी संपल्यावर मी बंदरावर गेलो की ती भरायची. बत्तीस वर्षं असं चाललं. तिने विचारलं नाही, मी बोललो नाही. गा एवढंच म्हणायचं होतं, पण सगळ्यांदेखत बोललेला शब्द मला गिळता आला नाही. तिला काही पत्ता नाही, असंच मी धरून होतो.

मला काय शिव्या घालायच्या त्या घाल. कॅसेटी उन्हात ठेवू नका. केतनला आशीर्वाद. लोभ ठेव असं सांगायला मला तोंड नाही.

तुझा बाबा


रत्नागिरी,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
सलोनीचा नमस्कार.

तुमच्यावर रागावून हे पत्र लिहायचं ठरवलं होतं. आता राग कुठे गेला कळत नाही.

पेटीच्या तळाशी एक कॅसेट होती. वर आईच्या वाकड्यातिकड्या अक्षरात 'गौरी २०२२' असं लिहिलेलं. आधी एक कंट्री गाणं, मग आईचं. गळा थकलेला होता. गाणं संपल्यावर ती बोलते. केतनने चार वेळा लावलं आणि मी शब्दन् शब्द उतरवून घेतला. तो असा:

"अहो, गाणं झालं, आता ऐका. तुम्ही पडवीत बसता ते मला खिडकीतून दिसतं. साहेबाचं गाणं असलं की तुमचा पाय हलतो. माझं लागलं की थांबतो. चिकटपट्टी कोण लावतं तेही मला ठाऊक आहे. आता म्हातारपणी लपाछपी कशाला? परवा गौरी येतायत. कानातलं काढून आत या आणि एकदा गा म्हणा. मी बायांत जाऊन बसते. नाही आलात तर समजेन. मग कॅसेटीतही गाणार नाही."

पुढे नुसती खरखर आहे. त्यानंतरची एकही कॅसेट पेटीत नाही.

बाबा, तुमचे कान गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं ते २०२३ मध्ये. म्हणजे हे तुम्ही ऐकलं असणार. आत गेलात का? काय म्हणालात तिला?

सलोनी


जयगड,
१९ नोव्हेंबर

चि. सलोनीस आशीर्वाद.

मी ते ऐकलंच नाही.

माझे कान त्या साली गौरींच्या आधी, शिमग्यालाच गेले होते. बोटीच्या इंजिनात पंचवीस वर्षं काढली, त्याने खाल्ले. बाबल्या बहिरा झाला म्हणून लोक हसतील, म्हणून कोणाला सांगितलं नाही. तिलाही नाही, तिच्या ओठांकडे बघून निभावायचो. रोज पडवीत हेडफोन लावून बसायचो आणि कॅसेटीची चाकं फिरताना बघायचो. चाकं थांबली की उठायचं, चपला घालायच्या आणि बंदरावर जायचं. त्या दिवशीही तेच केलं असणार. तिने खिडकीतून बघितलं असणार.

पुढच्या वर्षी डॉक्टरने विचारलं केव्हापासून ऐकू येत नाही, तर मी तिच्यासमोर सांगितलं, हल्लीच, दोन महिने झाले. म्हणजे मी सगळं ऐकून उठून गेलो, असंच समजून ती तीन वर्षं मला जेवायला वाढत होती. आणि तसंच समजून गेली.

तुझं पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन गा म्हटलं. मला काही ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. शेजारची विमला पिठाच्या हातांनी धावत आली. किती मोठ्याने ओरडलो देव जाणे. तिला काय सांगू?

सत्तावीस तारखेला दादूच्या नातवाची, दर्शनची हळद आहे. मांडव त्याच खळ्यात. वर्ष सरलं नाही म्हणून लोक नाक मुरडतील, मुरडू देत. मी दादूशी बोललोय. केतनला घेऊन ये, आवाज मोठा करायची पेटी आणायला सांग. मी तिला जिथून उठवली ती जागा मी दाखवतो, तिथेच ती पेटी ठेवा आणि परातीवरची हळद लावा. बाया मागून म्हणतील. तूही म्हण.

मी समोर बसेन, कानात काही न घालता, सगळ्यांदेखत.

लोभ तिचा गमावला, तुझा उरला असेल तर ये.

बाबा